दोन नावांचं खातं

मुलुंड पूर्व
१४ जून २०२५

परेश,

रजिस्टर पोस्टाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर आपण दोघं भांडतो आणि मग कोण काय बोललं यावरून पुन्हा भांडतो. लिहिलेलं तरी जागचं हलत नाही. तूही उत्तर लिहूनच दे. नवऱ्याने पढवलं असं तू म्हणशीलच, म्हणून आधीच सांगते, अनिरुद्धने यातलं एक अक्षर वाचलेलं नाही.

काल मी रजा काढून अंधेरीला ब्रोकरच्या ऑफिसात गेले होते. बाबांच्या मृत्यूचा दाखला, आईचं आधार, माझं आधार, सगळं घेऊन. बाबांच्या डीमॅट खात्यातले शेअर आईच्या नावावर करायचे, एवढंच काम होतं. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, मॅडम, हे खातं बंद झालंय, यातले शेअर एप्रिलमध्येच दुसऱ्या नावाच्या माणसाकडे गेले. दुसरं नाव चंद्रप्रकाश. म्हणजे माझे काका, तुझे पप्पा.

खात्यावर दोन नावं आहेत हे मला माहीत होतं. बाबांनी खातं उघडलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि फॉर्म मीच भरला होता. होडी दोघा भावांच्या नावावर, मग खातंही दोघांच्या नावावर असू दे, असं बाबांचं म्हणणं. पैसे सगळे बाबांच्या वाट्याचे, काकांनी फक्त सही केली. बाबांच्या डोक्यात होडीचा नियम होता. आपल्याकडे भागीदार गेला तरी त्याचा वाटा त्याच्या घरी पोचतोच. पण त्या मुलीने सांगितलं की खात्यात तसं नसतं. पहिला गेला की सगळं दुसऱ्याच्या नावावर जातं, मग पैसे कोणी का भरलेले असेनात.

काकांनी शेअर आपल्या खात्यात घेतले, आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही. त्यासाठी बाबांचा दाखला लागतो. तो तुमच्याकडे कसा आला?

आईचे गुडघे गेलेत हे तू रोज बघतोस, शेजारीच राहतोस. ती अजून बाजारात मासळी घेऊन बसते. बाबा तिला म्हणायचे, हे शेअर म्हणजे तुझं म्हातारपण, याला कोणी हात लावायचा नाही. ते तिच्या नावावर कधी करताय, एवढं लिही. आणि तिला यातलं काही कळू देऊ नकोस. बाबा गेल्यापासून ती नीट जेवलेली नाही, त्यात ही भर नको.

समीक्षा


वर्सोवा गाव
२१ जून

समे,

तुझं रजिस्टर सही करून घेतलं आणि अख्ख्या गल्लीने विचारलं, कसलं समन्स आलं रे? मी म्हटलं प्रेमपत्र आहे. नेत्रा दारातच उभी होती, त्यामुळे घरात अजून चौकशी चालू आहे. बायको वकिलापेक्षा बरे प्रश्न विचारते हे तुला सांगायला नको.

तर ऐक. शेअर जसेच्या तसे आहेत, एकही कुठे गेलेला नाही. पप्पा म्हणतात ते मथुरावहिनीचे, म्हणजे तुझ्या आईचे आहेत आणि तिचेच राहणार. ते दोन नावांचं प्रकरण तू म्हणतेस तसंच आहे. ब्रोकरकडूनच सांगितलं होतं की खातं तसंच ठेवता येत नाही, दुसऱ्या नावावर घ्यावंच लागतं, म्हणून घेतले. यात चोरी कसली? मोठे बाबा गेले तरी होडीचा वाटा मोठ्या आईच्या घरात येतोय ना? होडी चालू असताना एक दिवस चुकला असेल तर सांग.

फक्त सध्या ते शेअर हलवता येणार नाहीत. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठू दे, होडी पाण्यात जाऊ दे, दोन-तीन महिने मासळी लागू दे. दिवाळीपर्यंत सगळे मोठ्या आईच्या नावावर करून देतो. पप्पांचा शब्द आहे, आणि पप्पांचा शब्द तुला माहीत आहे.

दाखल्याचं मला विचारू नकोस.

एक हात जोडून सांगणं. हे घरातलं घरात राहू दे. इथे भिंतीला भिंत लागून आहे. एकदा बाहेर गेलं की परत आत येत नाही, आणि त्यात सगळ्यात जास्त वाईट मोठ्या आईचं होईल.

जाळी शिवून बोटं सोलवटलीत, म्हणून अक्षर असं. पावसात ये एकदा, सुकटाची चटणी करून ठेवायला सांगतो.

परेश


मुलुंड पूर्व
२६ जून

परेश,

चटणीने मी विरघळेन हे तू लहानपणापासून गृहीत धरतोस. या वेळी नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले. 'सध्या ते शेअर हलवता येणार नाहीत.' का येणार नाहीत? मी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते, आणि एका बाटलीवर दोन नावं आली तर ती बाटली आम्ही फेकून देतो. संशय म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. मी पुन्हा अंधेरीला गेले आणि त्याच मुलीला विचारलं की स्वतःच्या खात्यातले शेअर माणसाला कधी हलवता येत नाहीत. ती म्हणाली, एक तर कोणी खातं थांबवलं असेल, नाहीतर शेअर गहाण असतील.

खातं कोणी थांबवलेलं नाही, एवढं तिने बघून सांगितलं. पुढचं सांगायला तिला परवानगी नाही.

आता मला फक्त हो किंवा नाही हवंय. काकांनी माझ्या आईचं म्हातारपण गहाण टाकलंय का?

आणि 'मोठ्या आईचं वाईट होईल' हे काय होतं? ती तुमच्या दाराशेजारी एकटी राहते म्हणून मला भीती घालतोस का? तसं असेल तर नाव घेऊन घाल.

समीक्षा


वर्सोवा गाव
२ जुलै

समीक्षा,

हो. गहाण आहेत.

मार्चमध्ये होडीचं इंजिन बसलं. भर हंगामात होडी किनाऱ्याला लागली, खलाशी दुसऱ्यांच्या होड्यांवर जायला लागले. बँकेने होडी बघितली, पप्पांचं वय बघितलं आणि नाही म्हटलं. शेअरवर कर्ज देणारी एक कंपनी आहे, तिने दिलं. शेअर पप्पांच्याच खात्यात राहतात, फक्त कर्ज फिटेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. नवीन इंजिन बसलंय, ट्रायल झकास झाली. त्या होडीत मोठ्या आईचाही वाटा आहे हे विसरू नकोस. होडी बंद तर तोही बंद.

भीती मी घातली नाही गं. तू माझ्या वाक्याचा असा अर्थ काढलास हे वाचून मला जेवण गेलं नाही. आपण एका ताटात जेवून मोठे झालोय.

मला अजून बरंच लिहायचंय पण लिहिता येत नाही, कारण मी शपथेत अडकलोय. कोणाच्या, ते विचारू नकोस. एवढंच सांगतो की पप्पांनी काही लपूनछपून केलेलं नाही.

परेश


मुलुंड पूर्व
९ जुलै

परेश,

लपूनछपून नाही, म्हणे. मला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, मग कोणाला सांगून केलं? समुद्राला?

मी वकिलांना भेटले. त्यांचं म्हणणं असं की शेअर काकांच्या नावावर गेले असले तरी पैसे बाबांचे होते, त्यामुळे आईचा आणि माझा त्यावर दावा राहतो. सोमवारी मी ब्रोकरकडे तसा लेखी अर्ज दिला. चौकशी होईपर्यंत काकांचं खातं थांबवलंय. आता त्यातून एकही शेअर काकांना विकता येणार नाही की कोणाला देता येणार नाही.

महिनाअखेरपर्यंत गहाण सोडवून सगळे शेअर आईच्या नावावर झाले नाहीत, तर मी पोलिसांत जाईन. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये. काकांनी मला खांद्यावर बसवून नारळी पौर्णिमेची मिरवणूक दाखवलीय. पण बाबा नाहीत, आणि आईच्या बाजूने उभं राहायला माझ्याशिवाय कोणी नाही.

इंजिन तुमचं आणि गहाण आईचं, हा कुठला न्याय? शपथ कोणाची ते मला नको. तुझ्या आईची, वनमालाकाकीची असेल.

समीक्षा


वर्सोवा गाव
१४ जुलै

समीक्षा,

काय केलंस गं. थोडं थांबायचं होतंस.

नीट वाच, कारण हे मलाही गेल्या आठवड्यातच नीट कळलं. त्या कंपनीच्या शेअरचा भाव पडलाय. भाव पडला की कर्ज देणारे म्हणतात गहाण कमी पडलं, एक तर पैसे भरा नाहीतर आम्ही शेअर विकून घेतो. त्यांचा मेसेज पाच तारखेला आला. पप्पांनी सरळ मार्ग काढला होता. खात्यात थोडे शेअर गहाणात न घातलेले आहेत, ते विकायचे आणि कंपनीचं तोंड बंद करायचं. बाकी सगळे वाचले असते. ज्याचे शेअर त्याला विचारून ठरलं होतं.

शुक्रवारी विकायला गेलो तर खातं बंद. तुझा अर्ज.

आता आम्हाला काही विकता येत नाही, पण कर्ज देणाऱ्यांना येतं. त्यांचा हक्क आधीचा आहे, तुझ्या अर्जाने त्यांना काही फरक पडत नाही. तीस तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर ते गहाणातले सगळे शेअर पडत्या भावाने विकतील आणि उरलीसुरली चिल्लर हातावर ठेवतील. बंदी चालू आहे. होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहे. पैसे आणू कुठून?

त्यात ब्रोकरचा माणूस शनिवारी चौकशीला आला. घर सापडेना म्हणून त्याने बाजारात विचारलं, आणि विचारताना सगळी कहाणी सांगितली. पुतणीने काकावर केस टाकली, विधवेचे शेअर खाल्ले. पप्पा त्या संध्याकाळी बंदरावर गेले नाहीत. मी जन्मलो तेव्हापासून हे पहिल्यांदा.

भांडायचं तर नंतर भांडू. आधी दोन गोष्टी कर. अर्ज मागे घे. आणि एकदा इथे ये, मोठ्या आईसमोर बस आणि तिला विचार. मला शपथ आहे, तिला नाही.

परेश


मुलुंड पूर्व
१७ जुलै

परेश,

तुझं पत्र वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, अर्ज मागे घ्यायला लावायची ही नेहमीची पद्धत आहे. आधी घाबरवायचं, मग घाई करायची. मी अर्ज मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळे शेअर विकले गेले, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?

आणि आईला विचार म्हणजे काय? तिला यात ओढू नकोस असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तिने काय सांगायचं मला? ती दिराच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू तिला पुढे करतोयस. रोज फोनवर ती जेवलीस का एवढंच विचारते. तिला काही माहीत नाही, आणि मी ते तसंच ठेवणार आहे.

काकांनी कर्ज काढलं, काकांनी फेडावं. अर्ज तसाच राहील.

खरं सांगू? तू म्हणतोस ते खरं असेल तर मी माझ्या हाताने आईचं बुडवतेय. पण खरं असतं तर तू शपथेचा आडोसा घेतला नसतास. बस्स.

समीक्षा


वर्सोवा गाव
२९ जुलै

सौ. समीक्षा यांस,

कर्ज आज पूर्ण फिटलं. गहाण सुटल्याची कंपनीची पावती सोबत जोडली आहे. तुम्ही अर्ज मागे घेतलात की सगळे शेअर श्रीमती मथुरा यांच्या खात्यात टाकण्यात येतील. त्यासाठीच्या स्लिपवर पप्पांनी सही करून ठेवली आहे. श्रीमती मथुरा यांचं नवं खातं नेत्राने उघडून दिलं आहे. त्यात एकच नाव आहे.

अर्ज लवकर मागे घ्यावा ही विनंती.

परेश


मुलुंड पूर्व
७ ऑगस्ट

परेश,

'तुम्ही' लिहिलंस. ठीक आहे, तेवढं मी कमावलंय.

पावती मिळाली त्याच दिवशी अर्ज मागे घेतला. काल शेअर आईच्या खात्यात आले. मी सगळे मोजून बघितले, बरोबर आहेत, गहाणात नसलेले थोडेही त्यात आहेत. मेसेज बघून मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. बाबांचा शब्द पाळला असं वाटलं.

पण एक कळत नाही. एवढे पैसे तुमच्याकडे होते, तर आधीच का नाही भरले? माझ्याकडून एवढं सगळं करवून घ्यायची काय गरज होती? मी वाईट झाले, काका दुखावले, आणि शेवटी झालं ते पहिल्या पत्रातच होऊ शकलं असतं.

आई माझा फोन उचलत नाही. नेत्राच्या फोनवर केला तर म्हणाली, मोठी आई झोपलीय. भरदुपारी? तिला शेअर आल्याचं कोणी नीट समजावून सांगितलंय का? सांग तिला, आता बाजारात बसायची गरज नाही. पौर्णिमेला माझी ड्यूटी आहे. सतरा तारखेच्या रविवारी येते.

काकांना नमस्कार सांग. ते घेतील का, माहीत नाही.

समीक्षा


वर्सोवा गाव
१२ ऑगस्ट

समीक्षा,

आईचा आशीर्वाद, तो कधी कमी होणार नाही. मी सांगते आहे आणि नेत्रा लिहिते आहे. परेशला बसवलं नाही, कारण तो मध्ये मध्ये तुझी बाजू घेतो. नेत्राला म्हटलंय, एक शब्द बदलायचा नाही.

तुझी सगळी पत्रं परेशने मला परवा वाचून दाखवली. तू विचारलंस दाखला कोणी दिला. मी दिला. शेअर गहाण टाका म्हणून कोणी सांगितलं? मीच सांगितलं. परेशला शपथ माझीच होती.

इंजिन बसलं तेव्हा भावजी माझ्याकडे आले. बसले, चहा घेतला, मासळीचा भाव सांगून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि पुन्हा तसेच उठले. मी म्हटलं, भावजी, माझ्याकडे तुमच्या भावाचं जे आहे ते लावा, होडी चालू करा. ते नको म्हणत होते. मी जबरदस्ती केली. तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस, आणि मला हो म्हणायचं होतं. बाबा गेल्यावर सगळे मला द्यायलाच येत होते, कोणी डाळ, कोणी दूध, कोणी सल्ला. मलाही कोणाला तरी काही द्यायचं होतं.

चूक माझी एवढीच झाली, की मी दागिन्याच्या हिशोबाने दिलं. आपल्यात लग्नाला, सणाला बाया एकमेकींचं सोनं घालतात. कागद नाही, साक्षीदार नाही. चार दिवस तिच्या अंगावर राहतं आणि परत माझ्या डब्यात येतं, माझं ते माझंच. मला वाटलं शेअर पण तसेच असतात. ज्याला दिले त्याच्या हातात असताना त्यांचा भाव पडतो, आणि तिसराच कोणीतरी येऊन ते विकू शकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळल्यावर थोडे विकू या म्हणून मीच सांगितलं. तेवढ्यात खातं थांबलं.

पैसे कुठून आले म्हणून विचारतेस. वनमालाने आपलं सोनं विकलं. मंगळसूत्र ठेवलं, बाकी सगळं. गहाण ठेव म्हटलं तर म्हणाली, गहाण हा शब्द आता या घरात नको. मी तिच्या पाया पडले, की राहू दे, जाऊ देत ते शेअर. ती म्हणाली, तुझ्या मुलीने आम्हाला चोर म्हटलंय, हे सोनं अंगावर ठेवून मी कुठे जाऊ? पौर्णिमेला ती नारळ घेऊन बंदरावर आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. सगळ्या बायांनी बघितलं आणि एकीनेही विचारलं नाही.

होडी चालू झाली. पहिल्या दिवसाचा माझा वाटा परेश घेऊन आला. उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेरूनच गेला. तो कधी बाहेरून जात नव्हता.

शेअर मिळाले. नेत्राने मोबाइलवर दाखवले, एकच नाव आहे, माझं. तू माझ्यासाठी भांडलीस हे मला कळतं. तुझ्यावर राग नाही. पण तू काकाला विचारलंस, परेशला विचारलंस, वकिलाला विचारलंस, काउंटरवरच्या परक्या मुलीलासुद्धा विचारलंस. रोज रात्री फोनवर मी होते, तू विचारशील म्हणून वाट बघत होते. मला विचारलं नाहीस.

रविवारी ये. आधी वनमालाकडे जा, मग माझ्याकडे ये. ती काय बोलेल ते ऐकून घे.

एक सांगायचं राहिलं. मागच्या गल्लीतली शकु, नवऱ्याच्या आजारात जिचं सोनं गेलं, ती दर नारळी पौर्णिमेला माझ्या पाटल्या घालते. या वेळीही मी त्या चिंचेच्या पाण्याने उजळून डब्यात काढून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती आली नाही. मग दारावरून जाताना दिसली, मी हाक मारली, डबा पुढे केला. ती हसली आणि म्हणाली, "नको गं मथुरा. आधी तुझ्या समीक्षाला विचारायला लागेल."

आई